लुउ खिएम तळ्यावरचा मंडप

व्हिएतनामच्या मध्यभागातील ह्वे ही न्गुयेन घराण्याची राजधानी. १८०२ पासून १९४५ पर्यंत या घराण्याने राज्य केले आणि त्याच्या राजांच्या समाध्या शहराबाहेरच्या टेकड्यांमध्ये, हुओंग नदीच्या आसपास विखुरलेल्या आहेत. त्यांपैकी चौथा सम्राट तू डुक याची समाधी पाहायला आलेली माणसे खुद्द समाधीपाशी फार वेळ थांबत नाहीत. मुख्य दरवाजातून आत शिरून विटांच्या फरसबंदीवरून थोडे चालले की उजव्या हाताला एक तळे लागते. लुउ खिएम त्याचे नाव. त्याच्या काठाला लागून, पुढचा भाग पाण्यातल्या आधारांवर तोलून उभा असलेला एक लाकडी मंडप आहे, त्याला सुंग खिएम म्हणतात. लोक तिथे रेंगाळतात. आओ याय हा पारंपरिक पोशाख भाड्याने घेऊन आलेल्या मुली कठड्याशी उभ्या राहून छायाचित्रे काढून घेतात, वयस्कर मंडळी हातपंख्याने वारा घेत पाण्याकडे पाहत बसतात. त्या परिसरात माझाही सर्वांत जास्त वेळ या मंडपातच गेला आणि ह्वेमध्ये जे जे पाहिले त्यात मनात सर्वांत जास्त घोळत राहिला तोही हाच.

मेल्यावर जिथे विसावायचे तिथेच जिवंतपणी बसून कविता कराव्यात, ही कल्पना आपल्याला अपरिचित आहे. काही न्गुयेन राजे आपली समाधी हयातीतच बांधून घेत; पण तू डुकने तिच्यात जेवढे आयुष्य घालवले, तेवढे कोणी घालवले नसावे. सुमारे १२ हेक्टरच्या या आवारात पन्नासेक वास्तू होत्या. राज्यकारभार पाहण्याचे दालन होते, राहण्याचा महाल होता, राण्यांची निवासस्थाने होती, एक लहानसे नाट्यगृहही होते, ते अजून उभे आहे. १८६४ साली काम सुरू झाले, १८६७ साली पूर्ण झाले आणि त्यानंतर १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंतची सोळा वर्षे राजा जमेल तेव्हा इथे येऊन राहत असे. महालाच्या दरवाजातून पायऱ्या उतरल्या की समोरच यू खिएम हा धक्का लागतो. तिथून होडीत बसायचे, तळ्याच्या मध्यावरच्या छोट्या बेटाला वळसा घालायचा आणि सुंग खिएम मंडपात येऊन वाचन, काव्य, चहा यांत वेळ घालवायचा, असा त्याचा रिवाज सांगितला जातो.

मंडपाच्या बांधणीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्याचे सगळे म्हणणे बांधणीतच आहे. ह्वेच्या लाकडी वास्तूंचे मोजमाप खणांत होते आणि जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत अशा मराठी माणसाला ते चटकन उमगते: मधले तीन खण, दोन्ही टोकांना पडव्या, असा तिकडचा सर्वांत रूढ आराखडा. खांब जमिनीत पुरत नाहीत. ते दगडी तळखड्यांवर नुसते उभे केलेले असतात. खांब, तुळया आणि उतरते वासे एकमेकांत खाच आणि कुसू काढून गुंतवलेले असतात, त्यात खिळ्याला काम नसते. असा सांगाडा हलका असता तर मध्य व्हिएतनामच्या वादळात टिकला नसता. त्याला जागेवर धरून ठेवते ते वरच्या कौलांचे ओझे. कौले जितकी जड तितके सांधे घट्ट बसतात. दुरुस्तीची वेळ आली तर कौले उतरवायची, सांधे सोडवायचे आणि सगळा सांगाडा सुटा करून पुन्हा उभा करायचा. या भागातल्या जुन्या घरांना फणसाचे लाकूडही आवडीने वापरले जाते. कोकणात ज्यांनी फणसाच्या लाकडाचे खांब आणि दारे पाहिली आहेत, त्यांना वर्षानुवर्षांच्या हाताळणीने त्या लाकडावर चढणारी तपकिरी झळाळी नव्याने सांगायला नको. राजघराण्याच्या इमारतींत लिम नावाचे लोखंडासारखे कठीण लाकूड अधिक दिसते.

दुसरी गोष्ट छपराची. ह्वेला पाऊस कोकणासारखाच धो धो पडतो, मात्र त्याचा हंगाम वेगळा. आपल्याकडचा पावसाळा ओसरू लागतो तेव्हा तिथला सुरू होतो आणि सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येकडून येणारे वारे आणि वादळे त्या चिंचोळ्या किनारपट्टीला झोडपत राहतात. म्हणून छपरे उतरती आणि वळचण पुष्कळ खाली आणलेली. मी गेले तेव्हा दुपारी एक जोराची सर आली आणि मंडपात बसलेले आम्ही सगळे आपसूक आतल्या बाजूला सरकलो. पण पाणी आत आले नाही. पागोळ्या कठड्याच्या बऱ्याच बाहेर, थेट तळ्यात पडत होत्या. त्या एका रांगेत पडणाऱ्या धारांमुळे पाण्यावर मंडपाच्या छपराची कडा जशीच्या तशी रेखल्यासारखी दिसत होती. कठड्याची वरची पट्टी मात्र जिथे जिथे माणसे टेकतात तिथे तिथे रंग जाऊन गुळगुळीत झाली आहे आणि तिच्यावरून हात फिरवला की लाकडाचे उभे तंतू बोटांना जाणवतात.

ही खाली आलेली वळचण पावसाइतकीच नजरेलाही अडवते, हे तिथे बसल्यावरच लक्षात येते. उभे असताना समोर झाडे, टेकडी आणि थोडे आकाश दिसत असते. खाली बसले की आकाश नाहीसे होते. वर छपराची कड, खाली कठडा आणि त्या दोहोंच्या मध्ये पाण्याचा, कमळाच्या पानांचा आणि पलीकडच्या पाइनच्या बुंध्यांचा एक आडवा पट्टा, एवढेच जग उरते. हुओंग नदी दिसत नाही, शहर दिसत नाही, रस्ता दिसत नाही. तळेही आयते मिळालेले नाही. इथून एक लहान ओढा वाहत होता, तो रुंद आणि खोल खणून त्याचे तळे केले, निघालेल्या मातीला बेटाचा आकार दिला, त्यावर लहान प्राणी ठेवले आणि पलीकडच्या पाइनच्या टेकडीवर जायला तीन पूल बांधले. इथली टेकडी आणि इथले पाणी, सगळे काही मंडपातून पाहिले जावे यासाठी रचलेले आहे. इतक्या नेमकेपणाने कोणाची तरी नजर एका जागी स्थिर करणारी दुसरी वास्तू माझ्या पाहण्यात नाही आणि तिच्या रचनाकारांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आता या आडव्या पट्ट्याच्या बाहेर त्या वर्षांत काय चालले होते, ते पाहू. १८५८ मध्ये फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराने डा नांगवर हल्ला केला. डा नांग ह्वेपासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. १८६२ च्या तहाने दक्षिणेतील तीन प्रांत फ्रेंचांना द्यावे लागले, शिवाय दहा वर्षांत ४० लाख पियास्त्रची (हे तेव्हाचे चांदीचे चलन) नुकसानभरपाई कबूल करावी लागली. खजिन्यावर एवढे ओझे असताना, त्यानंतर दोनच वर्षांनी, या आवाराचे काम निघाले. त्या वेळी त्याला वान निएन, म्हणजे दहा हजार वर्षे, असे मंगल नाव दिले होते. सुमारे तीन हजार सैनिक आणि मजूर कामाला जुंपले. सहा वर्षांचे ठरलेले काम तीन वर्षांत उरकून राजाची मर्जी संपादन करावी म्हणून अधिकाऱ्यांनी माणसे अहोरात्र राबवली, असे सांगतात. लोकांच्या तोंडी त्या काळी दोन ओळी रूढ झाल्या. कसले हे वान निएन, असा त्यांत प्रश्न होता आणि उत्तर असे होते की इथल्या भिंती सैनिकांच्या हाडांनी रचल्या आहेत आणि खंदक लोकांच्या रक्ताने भरले आहेत.

१८६६ च्या सप्टेंबरमध्ये या मजुरांनी बंड केले. बांधकामासाठी चुना कुटायची मुसळे त्यांच्या हातात होती, तीच त्यांची शस्त्रे. म्हणून व्हिएतनामच्या इतिहासात हे बंड चुन्याच्या मुसळांचे बंड म्हणूनच ओळखले जाते. रात्री हे लोक बांधकामावरून निघाले आणि थेट राजवाड्यात घुसले. तू डुकचा थोरला भाऊ होंग बाओ याला डावलून १८४७ मध्ये धाकट्याला गादी मिळाली होती आणि तो थोरला भाऊ पुढे तुरुंगात मेला होता. त्याच्या मुलाला गादीवर बसवायचे, हा बंडाचा हेतू होता. बंड त्याच रात्री मोडले. पुढारी मारले गेले, ज्याच्या नावाने बंड झाले त्या पुतण्यालाही कुटुंबासह जीव गमवावा लागला.

बंडाचा म्होरक्या ड्वान त्रुंग याच्याविषयी मला जास्त सांगावेसे वाटते. तो विशी नुकतीच ओलांडलेला, शिकलेला तरुण होता. राजाचा चुलता, राजपुत्र मिएन थाम हा त्या काळातला नावाजलेला कवी होता आणि ड्वान त्रुंग त्याचा जावई होता. ज्या घरात कवींच्या बैठका होत, त्या घरात त्याची ऊठबस होती. अटक झाल्यावर शिक्षेची वाट पाहत असताना त्याने तुरुंगात एक दीर्घ काव्य रचले. त्यात आपण का उठलो हे त्याने सांगितले आहे आणि ते काव्य टिकून राहिले आहे. म्हणजे या एका बांधकामाभोवती दोन कवी होते. एकाने चिनी लिपीत हजारो कविता लिहिल्या, चार हजारांहून जास्त असे मानले जाते, आणि त्यांपैकी कित्येक तळ्यावरच्या मंडपात सुचल्या असतील. दुसऱ्याने त्या मंडपाचा चुना कुटणाऱ्यांना एकत्र केले आणि कोठडीत लिहिले. मंडपात जिथे बसायचे तिथून या दुसऱ्या कवीची कुठलीच खूण दिसत नाही. आमच्या वाटाड्याने राजाच्या शंभरावर राण्यांची गोष्ट सांगितली, कमळाच्या पानांवरचे दव गोळा करून राजाचा चहा करीत असत तीही सांगितली. मुसळांचा विषय मी काढला तेव्हा त्याने मान हलवली, त्याला ते सगळे ठाऊक होते, पण पर्यटक ते विचारत नाहीत, एवढेच तो म्हणाला. मला त्याचे फार वाईट वाटले. ज्या बांधकामाने एवढा जाळ उठवला त्या बांधकामात उभे राहून त्याचे नाव न घेणे, हा त्या मजुरांवर अन्याय आहे, असे मला वाटते.

बंडानंतर राजाने नाव बदलले. वान निएन हा शब्द गेला आणि त्या जागी खिएम, म्हणजे नम्रता, आला. आवारातल्या प्रत्येक वास्तूच्या नावात तो आहे: दरवाजात, महालात, नाट्यगृहात, तळ्यात, बेटात, पुलात आणि मंडपात. याला कोणी ढोंग म्हणेल. मला ते पटत नाही, याचे कारण मंडपापासून थोड्या अंतरावरच्या शिलागृहात उभे आहे. तिथे सुमारे वीस टन वजनाची एक शिळा आहे. राजाची कीर्ती सांगणारा शिलालेख त्याच्या मुलाने लिहायचा, असा शिरस्ता. तू डुकला मूल नव्हते. म्हणून त्याने तो स्वतःच लिहिला आणि तो १८७५ मध्ये कोरला गेला. त्याची ४,९३५ अक्षरे आहेत. त्यात त्याने आपल्या दुबळ्या प्रकृतीविषयी, अपत्य नसल्याविषयी, प्रांत हातचे गेल्याविषयी आणि आपल्या चुकांविषयी लिहिले आहे आणि आपला निवाडा पुढच्या पिढ्यांवर सोडला आहे. गादीवर असलेल्या राजाने, आणखी आठ वर्षे राज्य करायचे बाकी असताना, आपले दोष दगडात कोरून ठेवावेत, हे मला साधे वाटत नाही. ती शिळा पाहून मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

पण त्या कबुलीने काही थांबले नाही, हेही तितकेच खरे. १८६७ हे वर्ष पाहा. त्या वर्षी हे आवार पूर्ण झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये फ्रेंचांनी दक्षिणेतील उरलेले तीन पश्चिमेकडचे प्रांतही घेतले. तिथला राजप्रतिनिधी फान थान यान याने अन्नत्याग केला आणि शेवटी विष घेऊन जीव दिला. न्गुयेन त्रुओंग तो नावाचा एक कॅथलिक विद्वान त्या दशकात दरबाराला एकामागून एक अर्ज लिहीत होता: कारखाने काढा, शाळांतले शिक्षण बदला, परदेशांशी व्यवहार करा, सैन्य सुधारा. राजाने ते अर्ज वाचले, त्यातले काही त्याला पटलेही, पण दरबाराने ते पुढे जाऊ दिले नाहीत आणि राजाने दरबाराला ओलांडले नाही. १८७१ मध्ये तो विद्वान वारला. असेच बदल घडवणाऱ्या मेइजी राजवटीला जपानमध्ये १८६८ मध्ये सुरुवात झाली होती. तू डुक काही निर्बुद्ध नव्हता, विलासातच बुडालेलाही नव्हता. तो रोज कागदपत्रे वाचणारा, शेरे लिहिणारा, आईच्या आज्ञेत वागणारा अभ्यासू माणूस होता. त्याला दिसत नव्हते असे नाही. जे दिसत होते त्याने त्याची बैठक हलली नाही. मंडपात बसले की ही गोष्ट मला फार जवळून कळते, कारण तिथून उठावेसे वाटत नाही आणि ते वाटू नये अशीच ती जागा घडवलेली आहे.

१९ जुलै १८८३ रोजी तू डुक वारला. पुढच्याच महिन्यात फ्रेंच आरमाराने नदीच्या मुखावरचा थुआन आन किल्ला घेतला आणि २५ ऑगस्टला ह्वेमध्ये फ्रेंचांच्या संरक्षणाखाली जाण्याचा तह झाला, म्हणजे स्वातंत्र्य गेलेच. दत्तक घेतलेल्या तीन पुतण्यांपैकी किएन फुक हा काही महिने राजा झाला, किशोरवयातच वारला आणि याच आवारात त्याला पुरले. राजाच्या मृत्यूनंतर त्याच्या स्त्रियांपैकी काही जणी इथेच राहिल्या, दिवाबत्ती आणि पूजाअर्चा सांभाळत. त्यांच्या निवासस्थानांच्या आता बऱ्याच अंशी नुसत्या जोत्यांच्या खुणा आहेत. दुपारी काम संपल्यावर या बायका मंडपात येऊन बसत असतील का, तिथे हसत असतील का, राजाविषयी काय बोलत असतील, याचा विचार मी करून पाहिला. राजाच्या कविता मोजता येतात, बंडखोराचे काव्य उरले आहे. या बायकांच्या हातची एक ओळही मला कुठे वाचायला मिळाली नाही.

लाकडाची वास्तू दीडशे वर्षे पाण्यावर टिकते ती आपोआप टिकत नाही. ह्वेमधला दमटपणा, वाळवी, वादळे आणि नदीचे पूर, त्यातही १९९९ च्या नोव्हेंबरमधला महापूर, यांनी तिथल्या वास्तूंना सतत मार दिला आहे. युद्धाची झळ राजवाड्याला अधिक बसली. १९४७ मध्ये त्याचा मोठा भाग जळाला आणि व्हिएतनाम युद्धातल्या १९६८ च्या लढाईत आणखी पडझड झाली. समाध्या त्या मानाने वाचल्या. १९९३ मध्ये ह्वेमधली स्मारके युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली आणि दुरुस्तीच्या कामाला बळ मिळाले. खांब कुजतो तो बहुधा खालून. तेव्हा कुजलेला तेवढाच भाग कापून काढतात, नव्या लाकडाचा तुकडा सांध्यात बसवतात आणि जुना खांब त्यावर पुन्हा उभा राहतो. जुने जेवढे वाचेल तेवढे वाचवायचे, हा त्यामागचा विचार आहे. ह्वेजवळच्या मी सुएन गावासारखी लाकूडकामाची गावे अजून आहेत, म्हणून हे शक्य होते. राजवास्तूंच्या लाकडी पट्ट्यांवर एका चौकटीत कविता, पुढच्या चौकटीत चित्र, अशी सजावट असते. हे कोरलेले काव्य २०१६ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक स्मृतिसूचीत, म्हणजे दस्तऐवजी वारशाच्या यादीत, गेले. कवितेला वास्तूचा अवयव मानणारी ही परंपरा मला फार मोलाची वाटते आणि म्हणूनच ड्वान त्रुंगच्या काव्यातल्या चार ओळीही याच आवारात कुठेतरी वाचायला मिळाव्यात, अशी माझी इच्छा आहे. मंडपाकडे जाणाऱ्या वाटेवर एखादा फलक लावायला फार खर्च येणार नाही.

हल्ली मुंबईहून व्हिएतनामला जाणाऱ्या मराठी मंडळींची संख्या बरीच वाढली आहे आणि त्यांतले पुष्कळ जण डा नांगला उतरून ह्वे एका दिवसात उरकतात. त्यांना माझे एकच सांगणे आहे. या आवारात आलात की तळ्यापाशी लगेच थांबू नका. आधी सरळ पुढे जा, दगडी हत्तीघोडे आणि बुटक्या दगडी अधिकाऱ्यांच्या रांगा ओलांडून शिलागृहात शिरा आणि ती शिळा नीट पाहा. अक्षरे वाचता आली नाहीत तरी ती किती आहेत ते दिसते. नंतर मागे फिरा आणि मंडपात या. बसायला जागा मिळाली तर कठड्याशेजारची घ्या. आणि बरोबर मुले असतील तर चुन्याच्या मुसळांची गोष्ट त्यांना तिथेच, तळ्याकडे पाहत, सांगा.